जखम त्वचेवर, गळती आतड्यात

गंभीर भाजलेल्या रुग्णाला सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे सगळ्या शरीरात उसळणारी जीवघेणी प्रतिक्रिया, झाला की नातेवाइकांचा पहिला संशय जातो ड्रेसिंगवर, नाहीतर भेटायला येणाऱ्यांवर. जखमेतून जंतू शिरतात हे खरेच. पण रक्तात पोहोचू शकणारे कित्येक जिवाणू रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यात आधीपासूनच असतात, आणि हा मार्ग फारसा कुणाला ठाऊक नसतो.

त्वचेचा साधारण 20 टक्क्यांहून अधिक भाग खोलवर भाजला की सगळे शरीरच हादरते. जखमेतून द्रव पाझरतो, रक्ताचे आकारमान घटते. मेंदू आणि हृदय जगवण्यासाठी शरीर आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळते आणि आतड्याला रक्त कमी पडते.

आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा अवघा एक थर. शेजारच्या पेशी ऑक्लुडिन, क्लॉडिन अशा प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या असतात. या टाक्यांमधून पाणी आणि क्षार जातात, जिवाणू जात नाहीत. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की टाके सैल करण्याची यंत्रणा पेशीतच बसवलेली आहे. प्रत्येक पेशीच्या कडेने ॲक्टिन आणि मायोसिन यांचे कडे असते. स्नायू आकुंचन पावतात ते याच प्रथिनांमुळे. एक विकर (एन्झाइम) मायोसिनच्या हलक्या साखळीवर फॉस्फेट चढवते, कडे आवळते आणि टाके ताणून सैल होतात. भाजल्यावर वाढणारे टीएनएफ-अल्फासारखे दाहाचे रेणू नेमके हेच विकर कामाला लावतात. भाजलेल्या उंदरांमध्ये हे विकर रोखल्यावर गळती कमी झाली. सैल झालेल्या अस्तरातून जिवाणू आणि त्यांची विषे लसिकाग्रंथींत, पुढे यकृताकडे आणि रक्तात जाऊ शकतात.

त्यातच आतड्यातली वस्तीही पालटते. अमेरिकेतील लोयोला विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात गंभीर भाजलेल्यांच्या विष्ठेत ई. कोलायच्या कुळातले जिवाणू बेसुमार वाढलेले आढळले. रुग्ण मोजकेच होते, पण उंदरांमध्येही तेच दिसले.

मग प्रोबायोटिकच्या, म्हणजे ‘चांगल्या’ जिवंत जिवाणूंच्या, गोळ्या द्याव्यात? जाहिराती तसेच सुचवतात. मात्र अतिदक्षता विभागातल्या काही रुग्णांच्या रक्तात गोळीतलाच लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू सापडल्याचे 2019 मध्ये जनुकीय तपासणीने दाखवले. गळक्या आतड्याला ‘चांगला’ जिवाणू कळत नाही.

डॉक्टरांचा भर आहे तो शिरेतून वेळेवर द्रव देण्यावर आणि शक्यतो पहिल्या 24 तासांतच नळीने पोटात अन्न सुरू करण्यावर. अस्तराच्या पेशी बरेचसे पोषण थेट आतड्यातल्या अन्नातून घेतात; फक्त सलाइनवर ठेवले तर त्या उपाशी राहतात.