‘ओटीपी दिला नाही, म्हणजे पैसे सुरक्षित’ हे खरं नाही

‘ओटीपी कुणाला सांगितला नाही, की खात्याला धक्का लागत नाही.’ घरोघरी हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की लोक निर्धास्त राहतात. पण एईपीएस, म्हणजे आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशावर बँक खात्यातून पैसे काढण्याच्या व्यवहारात, ओटीपी लागतच नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा, एवढ्यावर गावातल्या बँक मित्राकडून, म्हणजे बँकेच्या वतीने व्यवहार करून देणाऱ्या माणसाकडून, पैसे काढता येतात. एटीएम लांब असलेल्या गावांना या सोयीचा मोठा आधार आहे, म्हणून ती वाईट म्हणवत नाही.

अडचण अंगठ्याची आहे. जमिनीच्या दस्तावर आपण शाईचा ठसा उमटवतो. तो दस्त स्कॅन होतो, आणि अनेकदा त्याच कागदांत आधारची झेरॉक्सही असते. असा ठसा मिळाला की रबरी शिक्के बनवतात त्याच पद्धतीने खोटा अंगठा तयार होतो. तेलंगणात २०१८ मध्ये नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांतून असे ठसे काढून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघड झालं होतं. पासवर्ड बदलता येतो हो, अंगठा कसा बदलणार?

म्हणून आजच आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावर आपलं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांसारखी शारीरिक ओळख, लॉक करा. गरज पडेल तेव्हा ते तात्पुरतं उघडता येतं. आईवडिलांचंही स्वतः बसून करून द्या. झेरॉक्स द्यायचीच असेल, तर शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा.