राईडनंतर किती खायचं, हे पुढची राईड ठरवते

रविवारी सकाळी पुण्याहून सिंहगड करून आलात आणि पुढची राईड थेट बुधवारी असेल, तर घरी पोहोचताक्षणी प्रोटीन पावडरचा शेकर हलवायची काही गरज नाही. पण पुणे ते गोवा अशी रोज शंभर-सव्वाशे किलोमीटरची मोहीम असेल, तर सायकल स्टँडला लावल्यानंतरचे पहिले चार तास फार मोलाचे असतात. दोन्हींचं गणित वेगळं आहे.

स्नायूंमध्ये साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत साधारण 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात 80 ते 100 ग्रॅम. दोन-तीन तास जोरात पेडल मारलं, की यातला मोठा भाग संपतो. तो कसा भरतो, हे 1966 साली स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं. व्यायामाच्या एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले. प्रत्येकाने एकच पाय चालवला, दुसऱ्या पायाला विश्रांती. पाय पार दमल्यावर त्यांनी तीन दिवस भरपूर कर्बोदकांचा आहार घेतला आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचे तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन विश्रांतीच्या पायाच्या जवळपास दुप्पट झालं होतं. रक्त तेच, जेवण तेच. साखर ओढून घेतली ती काम केलेल्या स्नायूनेच.

त्याचं कारण असं, की स्नायू आकुंचन पावताना ग्लुकोज आत घेणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि राईड संपल्यावरही थोडा वेळ तिथेच राहतात. या वेळात साठा झपाट्याने भरतो. खाणं दोन तास लांबवलं तर भरण्याचा वेग बराच मंदावतो. मात्र पुढच्या 24 तासांत पोटभर जेवण झालं, तर उशिरा खाणाऱ्याचा साठाही लवकर खाणाऱ्याच्या बरोबरीला येतो. म्हणून ‘अर्ध्या तासात खाल्लं नाही तर राईड वाया’ हे म्हणणं चूक आहे. घाई खरोखर असते ती आठ तासांच्या आत पुन्हा सायकलवर बसायचं असेल तेव्हा. रोजच्या मोहिमेतही लवकर सुरुवात केलेली बरी, कारण एका जेवणात सगळी भरपाई होत नाही.

घाई असेल तेव्हा वजनाच्या दर किलोमागे तासाला 1 ते 1.2 ग्रॅम कर्बोदकं, असं पहिले चार तास. 65 किलोच्या माणसाला तासाला किमान 65 ग्रॅम. 60 ग्रॅम कोरड्या पोह्यांच्या एका प्लेटमध्ये सुमारे 45 ग्रॅम मिळतात, सोबत एक केळं म्हणजे आणखी 25. पुढच्या तासाला 200 ग्रॅम शिजलेला मऊ भात आणि वाटीभर वरण. कडक राईडनंतर भूक मरते, घास गिळवत नाही. अशा वेळी उसाचा रस उपयोगी पडतो. त्यातल्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि त्याने यकृताचा साठा लवकर भरतो.

प्रथिनांचं माप सोपं आहे: एका वेळी दर किलोमागे 0.3 ग्रॅम, म्हणजे 65 किलोला 20 ग्रॅम. इथे शाकाहारी सायकलिस्ट हमखास फसतात. वाटीभर वरणात जेमतेम 5-6 ग्रॅम प्रथिनं असतात. 20 ग्रॅम गाठायला सुमारे 90 ग्रॅम कोरडी तूरडाळ लागेल. त्यापेक्षा 100 ग्रॅम पनीर (18 ग्रॅम) किंवा 40 ग्रॅम कोरडे सोया चंक्स (20 ग्रॅम) सोयीचे. अंडी चालत असतील तर पोह्यांत 15 ग्रॅम शेंगदाणे आणि सोबत दोन उकडलेली अंडी, की हिशेब जुळला. नुसती व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची पूड) पाण्यात घालून पिणाऱ्यांचा साठा मात्र रिकामाच राहतो, कारण तिच्यात कर्बोदकं नावापुरती असतात.

गडावरचं पिठलं-भाकरी या मापात छान बसतं. 60 ग्रॅम पिठाची एक, अशा दोन ज्वारीच्या भाकरी, 40 ग्रॅम बेसनाचं पिठलं आणि मडक्यातलं दही मिळून शंभरेक ग्रॅम कर्बोदकं आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं होतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते बेसनातून मिळतं. कांदाभजी मात्र या जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत. तेलामुळे अन्न जठरात रेंगाळतं, आणि घाट उतरताना पोट जड होतं ते वेगळंच.

आता पाणी. राईडआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. 1.2 किलो घटलं असेल तर 1.5 ते 1.8 लिटर द्रव हवा, कारण काही भाग लघवीवाटे जातोच. तो तीन-चार तासांत थोडा-थोडा प्या. एकदम गटागटा प्यालेलं साधं पाणी रक्त पातळ करतं, मग मूत्रपिंडं ते लगेच बाहेर टाकतात. लिटरभर घामातून बहुतेकांचं 400 ते 1200 मिलिग्रॅम सोडियम जातं. अर्धा लिटर ताकात पाव चमचा मीठ घातलं, की 500 मिलिग्रॅमच्या आसपास परत मिळतं. दूधही साध्या पाण्यापेक्षा शरीरात जास्त वेळ टिकतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मिठाचं, आणि मधुमेहींनी साखरेचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करा. ते राईडआधीच्या वजनापेक्षा किलोभर कमी आणि लघवी गडद पिवळी असेल, तर निघण्याआधी मीठ घातलेलं ताक आणि नाश्ता दोन्ही वाढवा, आणि पहिला तास हलक्या गिअरवर काढा.