मुखातील गॅल्व्हानी संक्षारण

तोंडात दोन भिन्न धातू किंवा मिश्रधातू असताना लाळेतील क्षारांमुळे त्यांच्यात विद्युत् घट तयार होतो आणि त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. या क्रियेला मुखातील गॅल्व्हानी संक्षारण म्हणतात. 'गॅल्व्हानी' हे विशेषण रूढ झाले असले, तरी ते पुरते न्याय्य नाही. शिसे व चांदी यांच्या पट्ट्यांच्या कडा जुळवून जिभेला लावल्या असता हिराकशीसारखी चव लागते, अशी नोंद स्विस विचारवंत योहान गेओर्ग झुल्ट्सर यांनी केली होती. तिचे वर्ष कोठे १७५२, तर कोठे १७५४ असे दिलेले आढळते. झुल्ट्सर यांनी तिचे कारण धातुकणांच्या कंपनांत शोधले. विजेची कल्पना त्यांना सुचली नाही. इटालियन वैद्य लुईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु वीज प्राण्याच्या शरीरातच असते, असे त्यांचे मत होते. भिन्न धातूंच्या संपर्काला महत्त्व दिले ते इटालियन भौतिकीविज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी, आणि त्यांनीही कथिलाचा वर्ख व चांदीचे नाणे जिभेवर ठेवून पाहिले होते. तेव्हा नावाचा मान व्होल्टा यांच्याकडे जाणे अधिक योग्य ठरले असते.

ज्याला 'चांदी भरणे' म्हणतात ते भरण म्हणजे पारदमेल (ॲमाल्गम, पाऱ्याचा मिश्रधातू) होय. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो आणि बाकीचा भाग मुख्यतः चांदी, कथिल व तांबे यांचा असतो. वरच्या दाढेला सोन्याची कॅप असून तिच्यासमोरच्या खालच्या दाढेत नुकतीच चांदी भरली असेल, तर दात मिटताच प्रवाह वाहतो व दाताच्या मगजापर्यंत (आतील मऊ, संवेदनशील भागापर्यंत) झणका जातो. भरणावर संक्षारणाचा पातळ थर धरला की हा त्रास बहुधा काही दिवसांत ओसरतो. चॉकलेटची 'चांदी' भरलेल्या दाताखाली चावल्यावर बसणारा झणकाही याच जातीचा. ती चांदी अर्थात ॲल्युमिनियमची असते आणि तेथे झिजते ते ॲल्युमिनियम.

कमी तांब्याच्या जुन्या पारदमेलात कथिल व पारा यांची 'गॅमा-२' ही प्रावस्था (मिश्रधातूतील ठरावीक रचनेचा घटकभाग) सर्वांत आधी झिजते. कथिल ऑक्साइड व ऑक्सिक्लोराइड यांच्या रूपात बाहेर पडते, तर सुटलेला पारा उरलेल्या चांदी-कथिल कणांशी पुन्हा संयोग पावतो. त्यामुळे भरण फुगून त्याच्या कडा दाताबाहेर येतात व तुटतात, असे एक मत आहे; दुसऱ्या मतानुसार चावण्याच्या दाबाने होणारे विसर्पण (धातूचा आकार हळूहळू बदलत जाणे) त्यास कारणीभूत असते. दोन्ही क्रिया एकत्र चालत असाव्यात. सुटलेला पारा शेजारच्या सोन्याला लागल्यास त्यावर करडा डाग पडतो. मात्र याच संक्षारणद्रव्यांनी भरण व दात यांमधली फट कालांतराने बुजते, हा एक लाभच म्हणावा लागेल. १९६०च्या दशकापासून विकसित झालेल्या अधिक तांब्याच्या पारदमेलांत गॅमा-२ जवळजवळ नसते.

दंतरोपणात वापरल्या जाणाऱ्या टिटॅनियमवर ऑक्साइडचा घट्ट थर असल्याने त्याचे संक्षारण अल्प असते. आम्लयुक्त फ्ल्युओराइडात मात्र हा थर दुबळा होतो. तोंडाची आग, धातूची चव इ. तक्रारींचा या प्रवाहांशी जोडला जाणारा संबंध सर्वमान्य नाही, व केवळ तेवढ्यासाठी सर्व भरणे काढणे समर्थनीय वाटत नाही. नवे भरण सोन्याच्या कॅपला लागून येणार असेल, तर तेथे पारदमेल टाळून रेझिनचे (धातुविरहित, प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचे) भरण करतात.