मोठ्या संख्यांचे रूपांतर (कोकण किनारा)

लाख-कोटींत मांडलेली संख्या मिलियन-बिलियनमध्ये नेणे, किंवा तिकडची इकडे आणणे. दहा लाख म्हणजे मिलियन (दशलक्ष), शंभर कोटी म्हणजे बिलियन (अब्ज), लाख कोटी म्हणजे ट्रिलियन. देशी लेखनात उजवीकडून पहिला स्वल्पविराम तीन अंकांवर व पुढचे दोन-दोन अंकांवर पडतात (१२,३४,५६,७८९). आंतरराष्ट्रीय लेखनात सगळे तीन-तीन अंकांवर (१२३,४५६,७८९). घोळ होतो तो नावांमुळे, कारण एकाच नावाची किंमत काळाप्रमाणे व भाषेप्रमाणे बदलली आहे.

यजुर्वेदातील संख्यानामांच्या यादीत लक्ष व कोटी नाहीत. लाखाच्या जागी नियुत आहे, कोटीच्या जागी अर्बुद. तेथे परार्ध १२ शून्यांचा. आर्यभटाकडे (४९९) कोटी सात शून्यांचा आहे आणि अर्बुद एक घर पुढे सरकून आठांवर गेला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात (११५०) अब्ज नऊ, खर्व दहा, निखर्व अकरा आणि परार्ध १७ शून्यांवर येतो. ‘लक्ष’ शब्दाचा संबंध काहीजण लाखेच्या असंख्य किड्यांशी जोडतात. ‘खूण’ या अर्थाकडून झालेली व्युत्पत्ती अधिक सरळ वाटते. मराठी परंपरा ‘लीलावती’च्या क्रमाची, म्हणून खर्व म्हणजे दहा अब्ज. हिंदीतला खरब मात्र शंभर अरबांचा (अरब म्हणजे आपला अब्ज). हिंदी मजकुरातला ‘खरब’ मराठीत ‘खर्व’ म्हणून उतरवला की रक्कम दहापटीने घटते. अब्जापुढे नावे न वापरता ‘लाख कोटी’ म्हणणे अधिक निर्धोक.

पाश्चात्त्य बाजूही फारशी नीटनेटकी नाही. फ्रेंच गणिती शुके याच्या १४८४ च्या हस्तलिखितात बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, अर्थात लाख कोटी. ब्रिटनच्या सरकारी व्यवहारात तो शंभर कोटींचा ठरला १९७४ साली. पोर्तुगालमध्ये हाच शब्द आजही लाख कोटींसाठी आहे, ब्राझीलमध्ये शंभर कोटींसाठी. वसई (१५३४–१७३९) आणि गोवा (१९६१ पर्यंत) येथे पोर्तुगीज अंमल होता. त्या भाषेतले कागद वाचणाऱ्याने शब्दापेक्षा शून्यांवर भिस्त ठेवावी. दहा लाख रेइसांना (रेइस हे जुने पोर्तुगीज चलन) त्या भाषेत ‘कोंतु’ असे स्वतंत्र नाव होते.

कोकणात या गोंधळाचा मागमूस पाण्याच्या हिशेबात उरला आहे. ‘टीएमसी’ म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, शंभर कोटी घनफूट. सरळ ‘बिलियन’ न म्हणता ‘हजार मिलियन’ म्हणण्याची ही पद्धत ब्रिटिश वळणाची, बहुधा बिलियनच्या द्व्यर्थामुळेच रुजलेली. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत) कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मुभा दिली. वीजनिर्मितीनंतर ते चिपळूणजवळ वाशिष्ठीला मिळते. हे ६,७५० कोटी घनफूट होतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणून तेच पाणी सुमारे १,९११ दलघमी, किंवा १९१ कोटी घनमीटर. टीएमसी व दलघमी या दोहोंत मिलियन आहे. पण एक फुटांचा, दुसरा मीटरचा, आणि बातम्यांत ते सर्रास शेजारीशेजारी येतात.

चलन मध्ये आले की पायऱ्या दोन होतात. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पाच्या वादात १९९५ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे २० मिलियन डॉलरच्या खर्चाचा उल्लेख झाला. आधी २ कोटी डॉलर, मग तेव्हाच्या ३१-३२ रुपये दराने ६२ ते ६४ कोटी रुपये. क्रम उलटला तरी उत्तर तेच येते, फक्त मधली पायरी गाळू नये.

आंबा-नारळाच्या व्यवहारात शेकडा व डझन पुरतात, तेथे मिलियनचा प्रश्न येत नाही. जुन्या वहीतली खंडी हे वजनाचे माप: २० मणांचे, मुंबईत ५६० पौंडांचे (सुमारे २५४ किलो), गोव्यात वेगळे.