वॅट आणि युनिट: वीजबिल नेमके कशाचे येते?

वीजबिल कमी करायचे ठरले की घरात पहिला ठपका गिझरवर येतो, कारण त्याच्यावर २००० वॅट असा मोठा आकडा छापलेला असतो. दिवसभर डोक्यावर फिरणाऱ्या ७५ वॅटच्या पंख्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. वॅट आणि युनिट एकच समजल्यामुळे ही गल्लत होते. उपकरण कोणत्या वेगाने वीज ओढते हे वॅट सांगतो, तर प्रत्यक्षात किती वीज खर्च झाली हे युनिट सांगते. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की १ युनिट होते, आणि वापराची आकारणी युनिटांवरच होते.

गिझर रोज १५ मिनिटे पाणी तापवत असेल तर अर्धे युनिट लागते. पंखा १६ तास फिरला तर १.२ युनिट, म्हणजे गिझरच्या दुपटीहून जास्त, आणि पंखे घरात तीन-चार असतात. जुन्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा (कमी वीज ओढणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) लावला, तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २१ युनिटे वाचतात. (जुन्या, तापणाऱ्या रेग्युलेटरवर नुसता वेग कमी करून फारशी बचत होत नाही.)

हा फरक मीटरवर डोळ्यांनी पाहता येतो. मीटरवरचा लाल दिवा वापरानुसार लुकलुकतो; अनेक मीटरांवर एका युनिटाला ३२०० लुकलुक असे प्रमाण (3200 imp/kWh) छापलेले असते. अशा मीटरवर एकटा जुना पंखा चालू ठेवल्यास लाल दिवा १५ सेकंदांनी एकदा लुकलुकतो. गिझर लावताच तो दोन सेकंदांत तीनहून अधिक वेळा लुकलुकू लागतो. ती घाई पाहून घाबरण्यापेक्षा ती किती वेळ टिकते, हे पाहावे.

महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांनंतर पुढच्या युनिटांचा दर वाढतो. ३०० ओलांडले म्हणून सगळीच युनिटे महाग होत नाहीत, फक्त वरची होतात; त्यामुळे वाचवलेले प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यातूनच कमी होते. स्थिर आकार मात्र तेवढाच राहतो.

रात्री फ्रिजसह सगळे बंद करूनही मीटरचा दिवा लुकलुकत असेल, तर रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स तपासावा. तो १० वॅट जरी ओढत असला, तरी महिन्याला ७ युनिटे होतात. ती भिंतीवरचे बटण बंद केल्यावरच थांबतात.