उमेदवाराचा खर्च : गुपित की उघडी वही?

कसब्यातल्या कट्ट्यावर असो की हडपसरच्या टपरीवर, निवडणूक आली की एक वाक्य ठरलेलं : ‘त्यांनी किती पैसा ओतला, आपल्याला थोडंच कळणार!’ हे खरं नाही. विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो. 1961 च्या निवडणूक नियमांतला 88 वा नियम सांगतो की एक रुपया शुल्क भरून तो कुणीही पाहू शकतो. हो, एकच रुपया! साक्षांकित प्रतही मिळते, तिचं शुल्क वेगळं.

वहीत मंडप, खुर्च्या, चहा, रिक्षावरचे भोंगे असं सगळं तारीखवार असतं. आकडे खरे असतीलच असं नाही. पण तुमच्या चौकातली सभा त्यात नसेल, तर तक्रारीला मुद्दा सापडतो. महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाख. खरी पळवाट वेगळीच आहे : पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही. तिथे एक रुपयाचा उपयोग नाही, कायदाच बदलावा लागेल.

महापालिका निवडणुकीचं काम मात्र राज्य निवडणूक आयोगाकडे. त्याचे नियम वेगळे.