सफेद मुसळीचे जनुकीय चिन्हक

सफेद मुसळी या संकटग्रस्त औषधी वनस्पतीच्या संवर्धनासाठी तिच्या डीएनएमधील बदलत्या जागा हेरून त्यांचा ओळखखुणा म्हणून वापर करण्याची पद्धत. वनस्पतीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम असून तिचे कुल ॲस्पॅरागेसी आहे; जुन्या ग्रंथांत ती लिलिएसी कुलात सापडते. दक्षिण राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातेतील डांग व महाराष्ट्र हा तिचा मुख्य प्रदेश. नाशिक जिल्ह्यात डांगला लागून असलेल्या सुरगाणा-पेठ भागात आणि घाटमाथ्यावर मुसळीवर्गीय वनस्पती पहिल्या पावसानंतर उगवतात. त्यांच्या कोवळ्या पानांची फोडशी किंवा कुलूची भाजी सर्वपरिचित आहे.

मूळ ओळख : चिन्हकांचा सारा प्रश्न येथून सुरू होतो. ही जाती स्वतंत्र म्हणून ओळखली गेली ती १९५४-५५ च्या सुमारास. मुंबईच्या बोरिवली परिसरातील नमुन्यांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ सांतापाव व फर्नांडिस यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यामुळे कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत (१९०१-०८) ती या नावाने असणे शक्य नाही, आणि त्या काळापर्यंतच्या ‘मुसळी’च्या नोंदी क्लो. ट्युबरोजम किंवा अन्य भगिनीजातींच्या नावाखाली गेल्या असाव्यात. नाशिक जिल्ह्याची स्वतंत्र वनस्पतिसूची भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या संग्रहांतील नमुने आजच्या वर्गीकरणानुसार पुन्हा पडताळून पाहणे हेच चिन्हकांच्या कामाचे पहिले पाऊल मानावे लागते.

निघंटूंतील (आयुर्वेदीय औषधी वनस्पतींचे जुने कोश) मुसळी कोणती, यावरही एकमत नाही. तालमूली म्हणजे काळी मुसळी (कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस) हे बहुतेकांना मान्य आहे. श्वेत मुसळी मात्र काही अभ्यासक क्लोरोफायटमच्या एका जातीला म्हणतात, तर उत्तर भारतात शतावरीच्या वर्गातील ॲस्पॅरागस ॲडसेंडेन्सची मुळे त्याच नावाने विकली जातात. बोरिवलीत वर्णिलेली जातीच शास्त्रग्रंथांतील श्वेत मुसळी होय, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा दिसत नाही. प्रदेशागणिक वेगवेगळ्या वनस्पती या नावाखाली वापरल्या गेल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ताज्या झाडात फरक कळतो. बोरिव्हिलिएनमची मांसल मुळे बुंध्याच्या चकतीलाच झुबक्याने फुटतात; ट्युबरोजममध्ये गाठी बारीक मुळांच्या टोकाला लोंबतात. साल काढून वाळवलेल्या मुळात ही खूण उरत नाही आणि बाजारातील भेसळ येथेच लपते. कंद खणताना झाड समूळ जाते, बियांची उगवण कमी, आणि त्यावर पालेभाजीसाठी होणारी तोड. ऱ्हासाची कारणे ही.

चिन्हकांचे प्रकार : प्रारंभीचे बरेच अभ्यास आरएपीडी (१९९०) व आयएसएसआर (१९९४) या, डीएनएचे तुकडे वाढवून त्यांच्या पट्ट्यांचा नमुना पाहणाऱ्या पद्धतींनी झाले. दोन्ही स्वस्त असून त्यांना जनुकसंचाची पूर्वमाहिती लागत नाही. परंतु आरएपीडीचे निकाल एका प्रयोगशाळेतून दुसरीत जाताना बदलतात. शिवाय पट्टी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते; झाडाला दोन्ही पालकांकडून एकच प्रत मिळाली की दोन वेगळ्या, हे कळत नाही. संवर्धनासाठी सूक्ष्म-उपग्रह चिन्हक (एसएसआर) अधिक भरवशाचे. डीएनएमध्ये दोन-तीन अक्षरांचा तुकडा सलग अनेकदा येतो; एका झाडात बारा वेळा, तर दुसऱ्यात पंधरा वेळा. या लांबीतील फरकावरून दोन्ही प्रती वेगळ्या मोजता येतात. या वनस्पतीतील आरएनए-क्रमांचे वाचन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्याने अशा जागा संगणकावर शोधणे सोपे झाले आहे. सापडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना बसणारे प्रायमर (त्या जागेच्या प्रती काढण्यास सुरुवात करून देणारे डीएनएचे लहान तुकडे) तयार करून ते वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांवर चालवतात. सर्वत्र सारखी लांबी देणारे वगळावे लागतात. काही झाडांत प्रायमर बसतच नाही आणि एक प्रत अदृश्य राहते. हे लक्षात न आल्यास निरोगी समूहही अंतःप्रजनित, म्हणजे जवळच्या नात्यातील संकरातून आलेला, भासतो.

वाळलेल्या मुळाची पारख हे वेगळे काम आहे. त्यासाठी डीएनए बारकोड, म्हणजे जात ओळखण्यासाठी वाचला जाणारा ठरावीक लहान तुकडा, वापरतात. वनस्पतींसाठी आरबीसीएल व मॅटके या हरितकणूतील जनुकांची जोडी २००९ मध्ये सुचवली गेली. तथापि जवळच्या जाती वेगळ्या काढण्यास पेशीकेंद्रकातील डीएनएचा आयटीएस-२ हा लहान तुकडा बरा, कारण वाळवणीत डीएनए तुटलेला असतो. मुळातील शर्करायुक्त चिकट द्रव्यही निष्कर्षणात अडथळा आणते. म्हणून समूहांच्या अभ्यासासाठी कोवळे पान सिलिका जेलमध्ये वाळवून घेतात आणि सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने डीएनए काढतात. एका पानाचा तुकडा पुरतो, झाड खणावे लागत नाही. दुर्मीळ वनस्पतीच्या बाबतीत हा लाभ मोठा आहे.

नाशिकमधील उपयोग : जिल्ह्याचा पश्चिम पट्टा डांगला सलग लागून असल्याने डांगमधील आणि सुरगाण्याकडील झाडे एकाच समूहाची की घाटाने विभागलेली, हा कळीचा प्रश्न आहे. त्यावर पुनर्लागवडीचे बियाणे कोठून घ्यावे हे ठरते. २००० च्या सुमारास मुसळीच्या लागवडीला उठाव आला आणि चकतीसह फोडलेले कंद बियाणे म्हणून राज्याराज्यांत फिरले. अशी रोपे शाकीय (बियांऐवजी कंदाच्या तुकड्यांपासून वाढवलेली) असल्याने शेकडो वाफे जनुकीयदृष्ट्या एकच झाड असू शकतात. चिन्हकांची तपासणी न करता ती रानात लावली, तर संख्या वाढलेली दिसेल, विविधता वाढणार नाही. स्थानिक झाडांच्या शेजारी परप्रांतीय रोपे लावणे तपासणी होईपर्यंत टाळावे.

नमुना गोळा करण्यास जैविक विविधता अधिनियम, २००२ लागू होतो. पेठ व सुरगाणा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात आहेत, त्यामुळे गौण वनोपजाबाबत (इमारती लाकडाखेरीजचे वनातील उत्पन्न) १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या, कायद्यानुसार ग्रामसभेचा अधिकार महत्त्वाचा ठरतो. नमुन्यांची जागा, दिनांक व जतन केलेली वाळवलेली वनस्पती यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीशी (गावपातळीवर ठेवली जाणारी जैवसंपत्तीची नोंद) जोडल्यास चिन्हकांचे निष्कर्ष पुढील पिढीला पडताळता येतील.